द्राक्षाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ॲडमिनची कामं कशी वाटून घ्यावीत

ग्रुप पन्नास-साठ जणांचा असतो तोवर एक ॲडमिन पुरतो. पण एका ग्रुपमध्ये १०२४ जण बसतात. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी या बुरशीजन्य रोगाचं वातावरण झालं की रात्रीत प्लॉटच्या फोटोंचा पाऊस पडतो आणि ॲडमिन नेमका स्वतःच्या बागेत ब्लोअरवर, म्हणजे फवारणीच्या यंत्रावर असतो. म्हणून छाटण्या सुरू व्हायच्या आधीच कोणाकडे काय, हे नावानिशी ठरवा आणि ग्रुपच्या माहितीत लिहा.

प्रवेशाचं काम एकाकडेच द्या. ॲडमिनच्या मंजुरीशिवाय कोणी आत येणार नाही अशी सेटिंग करा. गाव, वाण आणि क्षेत्र विचारूनच मंजुरी द्या. औषध विक्रेत्यांना घ्यायला हरकत नाही, पण त्यांनी नावापुढे ‘विक्रेता’ लिहायचं. लिंक बाहेर फिरली तर लगेच रिसेट करा.

सगळ्यांत जड काम फवारणीच्या सल्ल्यावर नजर ठेवण्याचं. त्याला दोन माणसं हवीतच. त्यातला एक तरी निर्यातीचा माल काढणारा असावा. सल्ला देत बसणं हे त्यांचं काम नव्हे, अर्धवट सल्ला अडवणं हे आहे. छाटणीनंतरचा दिवस, औषधातला घटक, एककासह प्रमाण आणि काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस), यातलं काहीही नसेल तर तिथल्या तिथे विचारायचं. समजा, ‘जीए १० मारा’ एवढाच मेसेज आला. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, घडांच्या वाढीसाठीचं संजीवक. लिहिणाऱ्याच्या मनात १० पीपीएम असतं, म्हणजे १०० लिटर पाण्याला १ ग्रॅम शुद्ध जीए. वाचणारा तेवढ्याच पाण्यात १० ग्रॅम टाकतो. दहापट! आणि घड कोणत्या अवस्थेत आहे, हे तर कोणी लिहिलेलंच नसतं. काढणीपूर्व कालावधीबाबत तर अजिबात सूट नको. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, त्याचा फटका निर्यातदारांइतकाच बागायतदारांनाही बसला.

चुकीचं प्रमाण दिसलं की मेसेज दाबून धरा, ‘सर्वांसाठी हटवा’ करा. तेवढ्यावर थांबू नका. ज्यानं तो आधीच वाचलाय तो कदाचित टाकीपाशी उभा असेल. काय चुकलं आणि बरोबर प्रमाण किती, हे लगेच ग्रुपवर टाका. लिहिणाऱ्याला मात्र वेगळा फोन करा. चारचौघांत झापलं की चांगला जाणकारही पुढे गप्प बसतो.

भांडणं तिसऱ्या माणसाकडे द्या, तो गटातटापासून लांबचा असावा. व्यापाऱ्यानं पैसे बुडवल्याचा मेसेज आला की पावत्या खासगीत मागवा. नाव, फोटो, नंबर ग्रुपवर राहू देऊ नका. सदस्यानं टाकलेल्या मजकुराबद्दल, संगनमत किंवा आधीची योजना नसेल तर, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय. तरी डोळ्यांसमोर असलेली बदनामी तशीच राहू देणं बरं नाही. वाद पेटला तर तासभर ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ करा.

मेसेज पिन करणं हे छोटं काम, पण ठरवून द्या. तीनच मेसेज पिन होतात, जास्तीत जास्त ३० दिवस. त्यात एक जागा पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या ताज्या सल्ल्याला कायम ठेवा.

एखादा ॲडमिन सोडणार असेल तर त्यानं बाहेर पडायच्या आधी दुसऱ्याला ॲडमिन करायचं. एकटाच असून तसाच गेला, तर ॲप आपणहून कोणालाही त्या जागी बसवतं.