स्वतःची ओळख कशी करून द्यावी: छंद, चर्च, मैत्री आणि नोकरी

"चला, आता प्रत्येकाने थोडक्यात आपली ओळख करून द्या," असं कुणी म्हटलं की बहुतेक जण नाव, शिक्षण, हुद्दा आणि "वाचन, संगीत, प्रवास" एवढं सांगून खाली बसतात. यातलं काहीच चूक नसतं. पण ऐकणाऱ्याला पुढे विचारावं असंही त्यात काही नसतं, त्यामुळे गप्पा तिथेच थांबतात. माझ्या मते चांगल्या ओळखीची कसोटी एकच: तुमचं बोलणं संपल्यावर समोरच्याच्या मनात एखादा प्रश्न येतो का? खालच्या सगळ्या पायऱ्या याच कसोटीवर बेतलेल्या आहेत.

पायरी १: कागदावर चार रकाने पाडा

छंद, चर्च, मित्रमैत्रिणी, काम. प्रत्येक रकान्यात गेल्या महिन्याभरात तुम्ही खरोखर काय केलंत ते लिहा. "बागकाम" असं लिहू नका. "गुलाबाच्या तीन फांद्या लावल्या, एकच जगली" असं लिहा. "मंडळीत (म्हणजे चर्चच्या समुदायात) सक्रिय" याऐवजी "संडे स्कूलच्या, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या मुलांच्या शाळेच्या, सर्वांत लहान वर्गाला शिकवते" असं लिहा. एखादा रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. पाच वर्षांपूर्वी सुटलेला छंद आजचा म्हणून सांगितला, तर पहिल्याच प्रश्नाला उत्तर देताना अवघडायला होतं.

पायरी २: समोर कोण आहे, त्यावरून क्रम ठरवा

चारही रकाने सगळीकडे सारखेच सांगायचे नसतात. नव्या कचेरीत काम आधी आणि सविस्तर, बाकीचं एका वाक्यात. चर्चमध्ये मंडळीशी असलेलं नातं आधी. विणकामाच्या किंवा पक्षिनिरीक्षणाच्या गटात छंद आधी. तिथे हुद्दा सर्वांत शेवटी आला तरी चालतो. वेळ मिनिटभराचा धरा. शांतपणे बोललात तर तेवढ्यात साधारण शंभर शब्द बसतात, आणि पहिल्या भेटीला ते भरपूर आहेत.

पायरी ३: छंद सांगताना कुठे अडलाय ते सांगा

छंदाचं नुसतं नाव सांगितलं की समोरचा "अरे वा" म्हणतो आणि विषय संपतो. त्याऐवजी तुम्ही किती दिवसांपासून करताय, सध्या हातात काय आहे आणि कुठे गाडी अडली आहे, या तीन गोष्टी सांगा. त्यातली तिसरी सर्वांत उपयोगी. "मला विणकाम आवडतं" आणि "स्वेटरची पाठ, पुढचा भाग आणि दोन्ही बाह्या झाल्यात, आता गळ्याचे टाके उचलताना अडलेय" ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. दुसरं ऐकल्यावर खोलीत विणणारी एक जरी व्यक्ती असली, तरी ती नंतर तुम्हांला शोधत येईल. ज्यांना विणता येत नाही त्यांनाही "म्हणजे टाके उचलतात कसे?" असं विचारता येतं.

नवशिके असाल तर तसं मोकळेपणाने सांगा. "गिटार शिकायला लागून दोनच महिने झालेत, बोटं अजून दुखतात" हे ऐकून अनुभवी माणसाला मदत करावीशी वाटते आणि दुसऱ्या नवशिक्याला सोबत मिळते. बक्षिसं आणि प्रमाणपत्रं मात्र पहिल्या ओळखीत आणू नयेत. कुणी विचारलं तर जरूर सांगावीत.

पायरी ४: चर्चविषयी आत वेगळं, बाहेर वेगळं

नव्या मंडळीत गेल्यावर उपासनेच्या शेवटी नव्या लोकांना उभं राहायला सांगतात, किंवा पाळक (चर्चचे धर्मगुरू) दाराशी थांबून चौकशी करतात. अशा वेळी नाव, आधी कुठल्या मंडळीत होता, इथे कसे आलात आणि तिथे कोणती सेवा करत होता, एवढं पुरतं. सभासदत्वाचं पत्र, मुलांचा बाप्तिस्मा किंवा दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी) यांसारख्या गोष्टी नंतर पाळकांशी किंवा चर्चच्या कार्यालयात बोलता येतात.

ओळख कशी करून द्यावी याचा एक सुरेख नमुना बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात आहे. किंख्रियाच्या मंडळीतल्या फिबी नावाच्या स्त्रीची ओळख पत्र लिहिणारा प्रेषित पौल पहिल्या दोनच वचनांत करून देतो. ती आपली बहीण आहे, अमुक मंडळीची सेविका आहे, तिला लागेल ती मदत करा, कारण तिने पुष्कळांना आणि स्वतः मलाही साहाय्य केलं आहे. नातं, मंडळी, सेवा आणि गरज, सगळं त्यात आलं. तिच्या घराण्याबद्दल किंवा संपत्तीबद्दल तिथे अक्षरही नाही. स्वतःबद्दल बोलताना हाच साचा वापरता येतो: मी कुठल्या मंडळीची, तिथे काय करते, आणि इथे मला कशात मदत हवी आहे.

साक्ष (आपण विश्वासात कसे आलो ते सांगणं) आणि ओळख यांची गल्लत करू नये, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. विश्वासाचा प्रवास मोठा असतो. तो ऐकायला लोकांना उसंत हवी आणि सांगणाऱ्यालाही. घरातलं आजारपण, नातेसंबंधातले ताण किंवा दुःखाच्या गोष्टी पाळकांशी एकट्याने बोला. सगळ्यांसमोर उभं राहून सांगून टाकल्या की त्या परत घेता येत नाहीत. लगेच दहा सेवांसाठी नाव देण्याचीही घाई नको. "गायनसंघाच्या सरावाला येऊन बसलं तर चालेल का?" एवढं विचारणं सुरुवातीला पुष्कळ झालं.

चर्चबाहेरच्या मिश्र गटात श्रद्धा लपवायची गरज नाही आणि तिचा प्रचार करण्याचीही ती वेळ नव्हे. तिथे तुम्ही काय करता ते साध्या शब्दांत सांगा: "रविवारी सकाळी चर्चच्या गायनसंघात ऑल्टो, म्हणजे बायकांचा खालच्या पट्टीतला सूर, गाते." ऐकणारा कुठल्याही धर्माचा असो किंवा कुठलाच न मानणारा असो, गाण्याबद्दल त्याला विचारता येतं. नोकरीच्या मुलाखतीत धर्माचा विषय स्वतःहून काढायची गरज नसते. पण चर्चच्या मदतनिधीचे हिशेब तुम्ही सांभाळले असतील किंवा मुलांच्या शिबिराची सगळी व्यवस्था पाहिली असेल, तर तो खराखुरा अनुभव आहे. तो जरूर सांगा.

पायरी ५: मैत्रीबद्दल बोलताना एकत्र काय करता ते सांगा

"माझा मित्रपरिवार मोठा आहे" या वाक्यातून काहीच कळत नाही. "शाळेपासूनच्या दोन मैत्रिणी अजून दर शनिवारी चालायला भेटतात" यातून तुम्ही नाती टिकवता, हे न सांगता कळतं. मित्रांची गुपितं, त्यांची लग्नं-नोकऱ्या, त्यांची नावंसुद्धा अनोळखी लोकांसमोर त्यांच्या परवानगीशिवाय घेऊ नयेत.

नव्या जागी मित्र हवे असतील, तर ओळखीतच पुन्हा भेटण्याची सोय करून ठेवा. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन याबाबत बोलकं आहे. नुसती ओळख साध्या मैत्रीपर्यंत पोचायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात आणि घट्ट मैत्रीला २०० हून जास्त, असा त्यांचा अंदाज निघाला. एका गोड भाषणाने एवढे तास मिळत नाहीत. ठरलेला वार आणि ठरलेली वेळ असेल तर मिळतात. म्हणून "भेटू कधीतरी" म्हणण्यापेक्षा "शनिवारी सकाळी आम्ही चालायला जातो, येणार का?" असं म्हणावं.

पायरी ६: हुद्द्याच्या मागचं काम सांगा

"लॉजिस्टिक्समध्ये सीनियर एक्झिक्युटिव्ह आहे" हे त्या क्षेत्राबाहेरच्या माणसाला कळत नाही. "गोदामातून निघालेला माल वेळेवर पोचतोय ना ते बघतो, ट्रक कुठे अडकला की पहिला फोन मला येतो" हे कुणालाही कळतं. घर सांभाळत असाल तर "फक्त" हा शब्द काढून टाका. निवृत्त असाल तर आधी काय करत होता आणि आता दिवस कसा जातो, दोन्ही सांगा.

काम शोधत असाल तर तेही सरळ सांगा, आणि कुठलं काम हवंय ते नेमकं सांगा. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवून दिलं होतं की नोकरीची खबर पुष्कळदा जवळच्या मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या लोकांकडून मिळते. जवळच्यांना बहुधा तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक आहे. लांबची माणसं वेगळ्या वर्तुळात वावरतात. त्यामुळे गायनसंघात शेजारी बसणाऱ्यालाही तुम्ही कुठल्या कामाच्या शोधात आहात ते माहीत असलेलं बरं.

पायरी ७: चारही धागे जोडा

सगळं एकत्र केलं की असं काहीसं होईल:

"नमस्कार, मी अमुक. रुग्णालयाच्या औषधभांडारात काम करते. कुठल्या वॉर्डात कोणतं औषध संपत आलंय, हे तिथल्या सिस्टरचा फोन यायच्या आधी मला कळलं पाहिजे, असं ते काम. रविवारी चर्चच्या गायनसंघात गाते. तिथे भेटलेल्या दोघी मैत्रिणींबरोबर शनिवारी सकाळी चालायला जाते. आम्हांला चौथी हवीच आहे. सध्या एक स्वेटर विणतेय आणि गळ्याशी अडलेय. कुणाला येत असेल तर नंतर मला नक्की गाठा. मी अमुक."

यात मोठेपणाचं एकही वाक्य नाही, तरी औषधं, गाणं, चालणं आणि विणकाम अशा चार ठिकाणी समोरच्याला प्रश्न विचारायला जागा आहे. हे पाठ करू नका. मुद्दे तेवढे लक्षात ठेवा आणि एकदा मोठ्याने म्हणून बघा. जिथे जीभ अडखळते ते वाक्य छोटं करा.

नाव दोनदा का? कारण नावं खरोखरच निसटतात. १९८७ मधल्या एका ब्रिटिश प्रयोगात अनोळखी चेहऱ्यांसोबत आडनावं आणि व्यवसाय सांगितले, तेव्हा व्यवसाय जास्त लक्षात राहिले, अगदी एकच शब्द कधी आडनाव आणि कधी व्यवसाय म्हणून सांगितला तरी (आपल्याकडचं "सुतार" असतं तसा). व्यवसायाभोवती आपल्या मनात चित्रं असतात, नावाभोवती नसतात. म्हणून सुरुवातीला नाव सावकाश घ्या, आणि शेवटी पुन्हा घ्या.

पायरी ८: आपली पाळी येईपर्यंत आणि त्यानंतर

गोलात बसून ओळखी चालू असताना आपल्या अगदी आधीच्या माणसाने काय सांगितलं ते आठवत नाही, असं जवळपास सगळ्यांचं होतं. माल्कम ब्रेनर यांनी १९७३ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. आपण मनातल्या मनात स्वतःची वाक्यं जुळवत असतो, त्यामुळे शेजाऱ्याचे शब्द कानांवरून जातात. उपाय सोपा आहे. आपले मुद्दे चिठ्ठीवर लिहून ठेवा म्हणजे लक्ष मोकळं राहील, आणि कार्यक्रम संपल्यावर सर्वांत आधी त्याच शेजाऱ्याकडे जाऊन विचारा.

विचारताना त्यांनीच सांगितलेल्या गोष्टीचा पुढचा धागा पकडा. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये संभाषणं तपासली, तेव्हा समोरच्याच्या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारणारी माणसं जास्त आवडल्याचं दिसलं. आणि घरी जाताना "आपण फारच बोललो" किंवा "त्यांना कंटाळा आला असेल" असं मनात आलं, तर त्यावर फार विश्वास ठेवू नका. एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१८ च्या अभ्यासात, पहिल्या गप्पांनंतर समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज लोकांनी कमीच लावला होता.

दुसऱ्यांदा भेट झाली की "ओळखलंत का मला?" असं विचारून कुणाची परीक्षा घेऊ नका. "मी अमुक, मागच्या गुरुवारी सरावाला भेटलो होतो, तुमच्या मुलीची परीक्षा होती तेव्हा. कशी झाली?" असं स्वतःच सांगून टाका.