धुळे-जळगाव एका दिवसात: वेळ सूर्य बघून ठरवा

धुळ्याहून जळगावला सकाळी जाताना ऊन डोळ्यांवर, संध्याकाळी परततानाही डोळ्यांवरच. रस्ता जवळपास सरळ पूर्व-पश्चिम, अंतर साधारण ९० किलोमीटर, त्यामुळे दोन्ही वेळा त्रास. जळगावकरांना उलट, दोन्ही वेळा सूर्य पाठीशी.

१. हिवाळ्यात धुळं साडेआठनंतर सोडा. जळगावातून दुपारी तीनलाच निघा.
२. उशीर झालाच तर हात ताठ करून क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये बोटं आडवी धरा. चार बोटं म्हणजे मावळायला साधारण तास. दोनच उरली तर एरंडोल किंवा पारोळ्याला चहाला थांबा.
३. काच आतूनही पुसा. खरी गडबड तिथेच असते: डॅशबोर्डच्या वाफेचा तेलकट थर बाहेरून कितीही धुतला तरी जात नाही आणि समोरून ऊन आलं की सगळी काच पांढरी होते. ओल्या कापडाने, मग कोरड्या वर्तमानपत्राने पुसा.
४. वायपरची टाकी भरा. कोरडा वायपर धूळ फासतो.

अंधार पडल्यावर निघायचं मात्र टाळा. कापसाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या अगदी जवळ गेल्यावरच दिसतात. आणि सूर्य पाठीशी असेल तेव्हा हेडलाइट लावा, कारण तेव्हा समोरच्याला तुम्ही दिसत नाही.