जुन्या ट्रॅक्टरची ऑईल गळती: मागचं सील बदलण्याआधी या चुका टाळा

वीस-पंचवीस वर्षं राबलेल्या ट्रॅक्टरखाली काळे थेंब दिसले की बहुतेक वेळा एकच निदान कानावर येतं: क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याचं, मागच्या टोकाला ऑईल अडवणारं सील गेलं. हे काम मोठं असतं. ट्रॅक्टर क्लचपाशी मधून सोडावा लागतो, फ्लायव्हील उतरवावं लागतं आणि पेरणीच्या तोंडावर दिवस मोडतात. एवढं करून गळती तशीच राहिली तर शेतकऱ्याने जायचं कुठे? म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: आधी ऑईल नेमकं कुठून निघतंय आणि इंजिनाच्या पोटात दाब साठतोय का, एवढं बघाच.

थेंब पडतो तिथेच गळती धरणं

ऑईल वरून खाली ओघळतं आणि पंख्याचा वारा त्याला मागे ढकलतो. त्यामुळे इंजिनावरच्या टॅपेट कव्हरचं गॅस्केट (जोडातली पट्टी) गळत असलं तरी ओल चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ऑईलच्या भांड्याच्या, मागच्या टोकाला दिसते. इंजिन थंड असताना डिझेल आणि ब्रशने सगळा मळ काढा. तापलेल्या इंजिनावर गार पाण्याचा फवारा मारू नका, हेडला तडा जाऊ शकतो. पुसून कोरडं झालं की संशयाच्या जागी टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी भुरभुरा. इंजिन गरम होईपर्यंत चालवा, बंद करा, मग बॅटरीच्या उजेडात वरून खाली बघत या. भुकटीत सगळ्यात वर जिथे काळा ओघळ सुरू होतो, ती जागा धरायची.

ब्रीदरकडे दुर्लक्ष

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा वायू चेंबरमध्ये उतरतोच आणि तो बाहेर पडावा म्हणून ब्रीदर असतो. त्याची जाळी ऑईल आणि धुळीने चोंदली, नळी चेपली किंवा कुंभारमाशीने तोंडाशी मातीचं घर बांधलं, की आतला दाब कमजोर जागा शोधून तिथून ऑईल बाहेर ढकलतो. तुम्ही क्रँकचं पुढच्या बाजूचं सील बदलता, तर चेंबरचं गॅस्केट गळायला लागतं. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुवायला फारसा वेळ लागत नाही, पार्टचा खर्च तर नाहीच.

ब्रीदर साफ करूनही चालू इंजिनाचं ऑईल भरायचं झाकण काढल्यावर धूर भकाभका येत असेल, तर ते बॅक कॉम्प्रेशन आहे. रिंगा किंवा लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी, झिजलेत. तिथे गॅस्केट कितीही चांगलं घातलं तरी टिकणार नाही.

डिपस्टिक, म्हणजे ऑईलची पातळी मोजायची पट्टीही बघा. ऑईल न भरता पातळी वाढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा पडदा फाटून डिझेल आत जात असण्याची शक्यता मोठी. पातळ झालेलं ऑईल सीलमधून सहज निसटतं, शिवाय बेअरिंग खातं. असा ट्रॅक्टर कामाला जुंपू नका.

पाना आवळत सुटणं

पत्र्याच्या कव्हरचे बोल्ट गळती दिसली की आवळले, पुन्हा दिसली की पुन्हा आवळले, तर बोल्टभोवतीचा पत्रा खोल जातो, कॉर्कचं गॅस्केट चिरडतं आणि दोन बोल्टांमध्ये फट राहते. कव्हर काढून ऐरणीवर भोकांच्या कडा सपाट करा, मगच नवं गॅस्केट घाला आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा.

सिलिकॉन बाहेरून थापून काही साधत नाही. आतून भरपूर लावलं तर ते जास्त वाईट, कारण सुटलेला तुकडा ऑईल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो आणि ऑईलचं प्रेशर पडतं. ऑईल फिल्टर बदलताना जुनी रबरी रिंग खाचेतच राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर ऑईल धारेनेच बाहेर येतं.

क्लच हाउसिंगचं भोक

क्लच हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या घराच्या, खालच्या भोकातून थेंब पडतोय म्हणजे ते इंजिनचंच ऑईल असं नाही. काळं असेल तर इंजिनचं, पिवळसर आणि उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सचं. भाताच्या चिखलणीनंतर हे भोक चिखलाने बुजतं, मग ऑईल आतच साठून क्लच प्लेट घसरायला लागते. भोक तारेने मोकळं करा.

आता मागचं सील खरंच गेलं असेल, तर ते बदलताना क्रँकवर नख फिरवा. नख अडण्याइतकी खाच असेल तर नवं सीलही तिथेच गळेल, त्यावर बाही (स्लीव्ह) बसवून घ्यावी लागते. सीलची स्प्रिंगची बाजू ऑईलकडे आणि क्रँकला टेकणाऱ्या ओठाला बसवण्याआधी ऑईल लावलेलं हवं. क्रँकचं मेन बेअरिंग ढिलं असेल तर त्याचं काम आधी. काही जुन्या इंजिनांत मागे रबराऐवजी दोरीचं सील असतं. ती बसवताना आधी दोरीची दोन्ही टोकं खाचेत दाबून केसभर वर ठेवतात, मग उरलेली दोरी मधून कडेकडे दाबत पूर्ण बसवतात आणि आतून ग्रॅफाइट ग्रीस लावतात. टोकं खाचेच्या बरोबरीने कापली तर जोडाशी फट राहून गळती पुन्हा सुरू होते.