जुन्या सागरी डिझेल इंजिनाला इंधन नीट पोहोचत नसेल, तर दोष कसा शोधावा

धक्क्याला बांधलेल्या नौकेत व्यवस्थित चालणारे इंजिन बाहेर पडून लाटा लागताच वेग सोडू लागते, एकदोन आचके देते आणि बंद पडते. दहा मिनिटांनी मात्र काहीच झाले नसल्यासारखे पुन्हा सुरू होते. ही तक्रार ज्याच्या वाट्याला येते, त्याचा पहिला संशय बहुधा इंजेक्शन पंपावर, म्हणजे सिलिंडरकडे जास्त दाबाने डिझेल पाठवणाऱ्या पंपावर, जातो. तो पंप लगेच खोलू नये. त्यातील प्लंजर (दट्ट्या) आणि बॅरल (दट्ट्या ज्यात सरकतो ती नळी) यांच्यातील फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागाइतकीच असते, त्यामुळे हलत्या नौकेत, साध्या पान्यांनी खोलण्याची ती वस्तू नव्हे. शिवाय अशा लक्षणांचे मूळ बहुतेक वेळा टाकी आणि लिफ्ट पंप (टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणारा पंप) यांच्या मधल्या भागात असते.

इंधनाची वाट आधी डोळ्यांसमोर आणावी. टाकीतील उचलनळी, बंद करण्याचा कॉक, पाणी वेगळे करणारा पहिला फिल्टर, लिफ्ट पंप, इंजिनावरचा बारीक फिल्टर, इंजेक्शन पंप, सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडणारे नोझल आणि उरलेले डिझेल टाकीत परत नेणारी नळी, असा हा क्रम असतो. लिफ्ट पंपापर्यंत डिझेल ओढले जाते आणि त्यापुढे ते ढकलले जाते, ही एक गोष्ट लक्षात ठेवली की निम्मा शोध सोपा होतो. ढकलणाऱ्या बाजूचा सांधा सैल असेल तर डिझेल बाहेर पाझरते आणि दिसते. ओढणाऱ्या बाजूचा सांधा सैल असेल तर बाहेर थेंबही दिसत नाही, उलट हवा आत शिरते. डिझेल जवळजवळ दाबले जात नाही, हवा मात्र सहज दाबली जाते. म्हणून पंपाने दिलेला दाब बुडबुड्यातच जिरतो, नोझल उघडत नाही आणि इंजिन बंद पडते.

हत्यारे हातात घेण्यापूर्वी काही खबरदारी आवश्यक आहे. इंजिनाखाली भांडे ठेवावे आणि नौकेच्या तळातील पाणी उपसणारा स्वयंचलित पंप बंद करावा, म्हणजे सांडलेले डिझेल समुद्रात जाणार नाही. नौकेत पाणी येत असेल, तर त्याकडे अधूनमधून लक्ष असू द्यावे. नोझलमधून उडणारा फवारा त्वचा भेदून आत जाऊ शकतो आणि जखम बाहेरून किरकोळ दिसली तरी ती तातडीने रुग्णालयात नेण्याची बाब असते. त्यामुळे गळती कधीही हाताने चाचपू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी.

आता सोप्यापासून सुरुवात करावी. टाकीत डिझेल प्रत्यक्ष किती आहे, कॉक पूर्ण उघडा आहे का, आणि इंजिन बंद करण्याची तार किंवा सोलेनॉइड (तेच काम विजेवर करणारा भाग) ‘बंद’ स्थितीत अडकलेले नाही ना, हे पाहावे. स्टार्टर फिरवताना नळकांड्यातून अजिबात धूर येत नसेल, तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचतच नाही असे समजावे. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते आहे पण जळत नाही, आणि तेव्हा शोधाची दिशा वेगळी ठरते. यानंतर टाकीचे झाकण सैल करून पाहावे. हवा आत खेचली जाण्याचा आवाज आला आणि झाकण सैल ठेवून इंजिन सुरळीत चालले, तर टाकीची श्वासनळी चोंदली आहे.

पहिल्या फिल्टरचा तळ एका स्वच्छ काचेच्या बरणीत रिकामा करून ती थोडा वेळ स्थिर ठेवावी. पाणी खाली बसते आणि डिझेल वर राहते. दोहोंच्या सीमेवर काळपट, बुळबुळीत थर दिसला, तर टाकीत सूक्ष्मजीव वाढले आहेत. केवळ फिल्टर बदलून हा प्रश्न मिटत नाही, कारण लाटांनी टाकी ढवळली की तोच गाळ उचलनळीच्या तोंडाशी येतो. नौका स्थिर झाल्यावर तो खाली बसतो आणि म्हणूनच इंजिन पुन्हा सुरू होते. अशा टाकीतील पाणी आणि गाळ काढून ती आतून स्वच्छ करण्यावाचून पर्याय नाही.

यानंतरची कसोटी मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. स्वच्छ डिझेलने भरलेल्या डब्यातून एक नळी थेट लिफ्ट पंपाच्या तोंडाला जोडावी, नौका भक्कम बांधून इंजिन गिअरमध्ये टाकावे आणि लोडवर अर्धा तास चालवावे. इंजिन न अडखळता चालले, तर दोष टाकी ते पंप या टप्प्यातच आहे. तरीही बंद पडले, तर डबा इंजिनाहून उंच ठेवून डिझेल थेट बारीक फिल्टरला द्यावे; आता सुरळीत चालल्यास लिफ्ट पंप दोषी ठरतो. त्या पंपाचा पडदा फाटला असेल, तर काही इंजिनांत डिझेल तेलात उतरते, म्हणून तेलाची पातळी वाढली आहे का आणि त्याला डिझेलचा वास येतो का, हेही पाहावे. पातळ झालेल्या तेलावर इंजिन चालवू नये.

ओढणाऱ्या बाजूला हवा कुठून शिरते हे शोधण्यासाठी लिफ्ट पंपाआधी पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता बसवावा आणि टाकीच्या दिशेने एकेक सांधा तपासत मागे जावे. मी स्वतः एकदा दोन दिवस नळ्या बदलत राहिलो आणि शेवटी फिल्टरच्या डोक्याला चिकटून राहिलेली जुनी रबरी रिंग सापडली. नवी रिंग तिच्यावरच बसवली गेली होती. तेव्हापासून फिल्टर बदलताना ती खाच मी बोटाने चाचपून पाहतो. कडक झालेल्या रबरी नळ्या आणि पुन्हा वापरलेले तांब्याचे वॉशर हीदेखील नेहमीची ठिकाणे आहेत. नवा वॉशर नसेल तर जुना लालसर होईपर्यंत तापवून थंड करावा, म्हणजे तांबे मऊ होते आणि सांधा पुन्हा घट्ट बसतो.

दुरुस्तीनंतर हवा काढावी लागते. बारीक फिल्टरवरचा स्क्रू सैल करून लिफ्ट पंपाचा हातदांडा चालवावा आणि बुडबुडे थांबून अखंड धार येऊ लागली की, पंप चालू असतानाच, स्क्रू घट्ट करावा. मग हेच इंजेक्शन पंपाच्या स्क्रूवर करावे. दांड्याला जोर लागत नसेल तर पंप बिघडला असे समजू नये. कॅमने, म्हणजे इंजिनातील या पंपाला हलवणाऱ्या फिरत्या उंचवट्याने, पडदा ओढून धरलेला असू शकतो. इंजिन हाताने एक फेरा फिरवून पुन्हा प्रयत्न करावा. तरीही इंजिन सुरू झाले नाही, तर नोझलच्या नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून त्यांवर फडके टाकावे, स्टार्टर फिरवावा आणि डिझेल दिसताच ते आवळावेत.

येथे सागरी इंजिनाची एक अडचण अनेकांच्या लक्षात येत नाही. ज्या नौकेत थंड करणारे समुद्राचे पाणी धुराबरोबर बाहेर पडते, तिथे इंजिन सुरू न होता स्टार्टर फिरत राहिला तर ते पाणी मफलरमध्ये साचते आणि शेवटी सिलिंडरमध्ये शिरू शकते. म्हणून या प्रयत्नांच्या वेळी समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवावा, इंजिन सुरू होताच तो लगेच उघडावा आणि मागे पाणी पडू लागले आहे याची खात्री करावी. स्टार्टरही एका वेळी १० ते १५ सेकंदच फिरवावा आणि मध्ये त्याला थंड होऊ द्यावे.

शेवटी पारदर्शक नळी काढून मूळ नळी बसवावी, प्रत्येक सांधा कोरडा पुसावा आणि इंजिन तासभर लोडवर चालवून कोरड्या कागदाने तो पुन्हा तपासावा.