मेतकूट-पोहे कुरकुरीत राहण्यासाठी

गॅस न पेटवता होणारा खाऊ म्हणून आजी मुलांपुढे मेतकूट लावलेले पोहे ठेवायची. नव्या माणसाला कच्च्या तेलाचं नाव ऐकूनच कसंसं होतं, पण खरी चव त्या तेलातच आहे. घाण्याचं शेंगदाणा तेल असेल तर उत्तमच.

पोहे पातळच घ्या. जाडे कच्चे चावत नाहीत. पावसाळ्यात ते सादळलेले असतात, तेव्हा कढईत मंद आचेवर जरा परतून पूर्ण गार करा (इथे गॅस लागतो, इलाज नाही). दोन वाट्या पोह्यांना दोन चमचे तेल आधी हलक्या हाताने चोळा, मग एक मोठा चमचा मेतकूट, तिखट, चिमूटभर साखर. तेल आधी लागलं की मेतकूट पोह्यांना धरून राहतं, तळाशी बसत नाही. मेतकुटातल्या डाळी भाजूनच दळलेल्या असतात, त्यामुळे शिजवायचा प्रश्न नाही.

कांदा आणि मीठ मात्र अगदी खाताना. मिठाने कांद्याला पाणी सुटतं आणि पोहे लगेच मऊ पडतात. कांद्याशिवाय कालवलेले पोहे घट्ट झाकणाच्या डब्यात प्रवासालाही चालतात.