लहान खोलीतलं पोर्ट्रेट: भिंतीवरची सावली आणि सपाट चेहरा

१० बाय १२ फुटांच्या खोलीत दोन अडचणी हमखास येतात: मागच्या भिंतीवर काळी सावली आणि दोन्ही गाल सारखेच उजळलेला सपाट चेहरा. दिवे वाढवून दोन्ही बिघडतात. एकच ६० बाय ९० सेंमीचा सॉफ्टबॉक्स (दिव्यावर बसवायची, समोर पांढरं कापड असलेली पेटी) ठेवला आणि काम झालं.

माणूस भिंतीपासून ४-५ फूट पुढे, स्टुलावर. सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून जेमतेम ३ फुटांवर, ४५ अंशात, त्याचा मध्य डोळ्यांपेक्षा थोडा वर. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, म्हणून दिवा जवळ असला की भिंत आपोआप गडद होते. सावलीही मऊ पडते.

सपाटपणाचं खरं कारण पांढऱ्या भिंती. उजेड उलटून सावलीच्या गालावर येतो. त्या बाजूला काळी चादर टांगली की गालाला लगेच आकार येतो. फारच गडद झालं तर चादर काढू नका, थर्माकोलचा पांढरा तुकडा हळूहळू त्या गालाजवळ आणा. खोलीतली ट्यूब मात्र बंदच, नाहीतर त्वचेवर दोन रंग दिसतात.

चष्म्यात सॉफ्टबॉक्सचा चौकोन दिसतोय? दिवा वीतभर वर न्या, चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचला.

खांदे दिव्यापासून थोडे वळवून चेहरा दिव्याकडे. 'हनुवटी खाली' म्हटलं की लोक मान आखडतात आणि दुहेरी हनुवटी दिसते. 'कपाळ माझ्याकडे आणा' म्हणा. कॅमेरा ५ फुटांच्या आत नको, नाक मोठं दिसतं.