प्रदर्शनात छोटी गाडी चालवायची तर

मॉडेल आगगाडीच्या प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी आपापल्या, छोटे रूळ बसवलेल्या फळ्या घेऊन एकदा जमायचंच. आम्ही नाशिकरोडला माझ्या गच्चीवरच्या खोलीत जमतो. माथेरानच्या खऱ्या गाडीच्या दोन रुळांमधलं अंतर 610 मिलिमीटर. आमची गाडी 1:76 प्रमाणातली, म्हणजे खरीपेक्षा 76 पट लहान; तिच्या रुळांमधलं अंतर साधारण त्याच मापाचं, फक्त 9 मिलिमीटर. एवढ्या अरुंद रुळावर दोन फळ्यांच्या सांध्यात केसभर पायरी राहिली तरी इंजिन घसरतं. म्हणून सांध्यावरून नख फिरवा. अडकलं तर फळीच्या पायाखालचा बोल्ट थोडा पिळा, पुन्हा नख फिरवा. नुसत्या नजरेवर सोडू नका. मी एकदा सोडलं आणि भर गर्दीत चढावर गाडी आडवी झाली. समोरच्या पोराचा चेहरा अजून आठवतो.

दर तासाला सुती कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसा. उन्हाळ्यात आपल्याकडची धूळ चाकांवर काळा थर धरते, रुळातून येणारी वीज अडते, मग 12 व्होल्टची मोटर अडखळायला लागते. पंख्याचं तोंड टेबलाकडे नको.

टेबल लहान मुलांच्या छातीइतकंच उंच ठेवा. मोठ्यांना वाकता येतं.

आणि गाडी हळू सोडा. वळणावर डबा न् डबा मोजता आला पाहिजे.